पुण्यातलं ‘सिमला ऑफिस’ आणि जगाच्या हवेचं जाळं

शिवाजीनगरला बसमधून उतरताना लहानपणी मला नेहमी प्रश्न पडायचा, पुण्यात हे ‘सिमला ऑफिस’ कुठून आलं? उत्तर साधं आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, सोबत नावही आलं. पण खात्याचं सगळ्यात मोठं काम त्याआधीच होऊन गेलं होतं.

१८९९ साली खात्याचा अंदाज साफ चुकला. पाऊस ओढला, भीषण दुष्काळ पडला. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाला. केंब्रिजचा गणिती, बूमरँगचा नाद असलेला. हवामानशास्त्र शिकलेला नव्हता. (१९१३ मध्ये रामानुजनला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिणारा तो हाच, बरं का!)

वॉकरने ठरवलं, आधी सिद्धांत नको, आकडे बोलू देत. जगभरच्या केंद्रांचे हवेचा दाब, तापमान, पाऊस यांचे जुने आकडे काढले आणि भारतीय कारकुनांना गणितं करायला बसवलं. कॉम्प्युटर कुठला? सगळं हाताने. कुठल्या गावचा आकडा कुठल्या गावाशी जुळतो, आणि एका ऋतूनंतर कोणाशी जुळतो, हे शोधायचं. म्हणजे जाळं दिसत नाही, फक्त गाठींची मोजमापं हातात आहेत, त्यावरून धागे ओळखायचे.

यात मोठा धोका असतो. शेकडो जोड्या तपासल्या की काही निव्वळ योगायोगानेच जुळतात. वॉकरने हे १९१४ मध्येच लिहून ठेवलं. तरी त्याचे काही धागे पुढे तुटलेच.

एक मात्र टिकला. पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागराकडे कमी होतो, आणि उलट. त्याला त्याने ‘सदर्न ऑसिलेशन’ नाव दिलं. गंमत पुढेच आहे. तो निघाला होता मान्सूनचा अंदाज बांधायला, पण हाती आलं ते उलटंच. मान्सूनच्या आधीच्या घटनांपेक्षा नंतरच्या घटनांशी त्याचं नातं जास्त पक्कं निघालं. म्हणजे आपला पाऊस दुसऱ्यांची खबर घेण्यापेक्षा स्वतःचीच खबर जगाला जास्त देतो!

असं का होतं, हे वॉकरला सांगता आलं नाही. समुद्राच्या तापमानाशी, एल निनोशी त्याची सांगड बियर्कनेसने १९६९ मध्ये घातली. वॉकर १९५८ सालीच गेला होता. बियर्कनेसने पॅसिफिकवरच्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकरचं नाव दिलं. बेरजा करणाऱ्या कारकुनांच्या नावाचं मात्र काहीच नाही.