खर्जाची तार

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. दिवाळीला गावी, म्हणजे हिवरे बाजारला जाऊन आलो. येताना डोक्यात एक विषय घेऊन आलो, आणि तो चक्क बेस गिटारचा आहे! हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. घरात त्याची नेहमी थट्टा चालते. "बाकीच्यांचं ऐकू येतं रे, तू नक्की काय करतोस?" असं त्याची आजीच विचारते. या वेळी तो गिटार घेऊनच गावी आला. पुण्याची दमट हवा सोडून नगरच्या कोरड्या थंडीत आल्यावर दोन दिवसांत त्या गिटारच्या तारा खरखरायला लागल्या. पोरगं ओसरीवर बसून एक बारीक चावी घेऊन काहीतरी खटपट करत होतं, आणि मी शेजारी बसून चहा पीत बघत होतो.

त्याने सांगितलं ते असं. बेस गिटारच्या चार तारा मिळून दांडीला सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या जोराने ओढत असतात. ती वाकू नये म्हणून दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं, दांडी जास्तच सरळ होते आणि तार पडद्यांना घासते. मग सळई पाव फेरा सैल करायची. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि मध्ये पोस्टकार्डाएवढी फट राहते का ते बघायचं. त्यानंतर घोडीवर तारांची उंची लावायची. शेवटी बाराव्या पडद्यावर सूर तपासायचा. दाबून वाजवलेला सूर चढा निघाला तर घोडीचा तेवढा भाग मागे सरकवायचा. हे सगळं कशासाठी? तर तार कुठेही घासू नये, आवाज स्वच्छ निघावा म्हणून.

"कुठेही घासू नये" हे ऐकलं आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. का, ते सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव पूर्वी पैलवानांसाठी प्रसिद्ध होतं. आमचे आजोबाही तरुणपणी कुस्तीसाठी कोल्हापूरला तालमीत होते. तीन वर्षांनी परत आले ते गदा घेऊन नाही, मिरजेचा तंबोरा घेऊन! पणजोबांनी म्हणे आठ दिवस बोलणं टाकलं होतं. पण त्या तंबोऱ्यावर पुढे पंचवीस वर्षं देवळात भजन झालं. १९७२ च्या दुष्काळात बैल विकले, भांडी विकली, आणि आमचं घर पुण्याला आलं. तंबोरा विकला नाही, शेजाऱ्यांच्या माळ्यावर ठेवला. पुढे १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव सावरलं, ती गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे (२०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली). गाव परतलं तसे आजोबाही परतले. मागोमाग नाना, म्हणजे माझे चुलते, शेती करायला गेले. आजोबा २००४ मध्ये गेले आणि तंबोरा भिंतीला टेकून उभा राहिला.

२००९ मध्ये मोठ्या उत्साहाने मी तो पुण्यात एका दुकानात दुरुस्तीला दिला. नव्या तारा, पॉलिश, सगळं चकाचक करून मिळालं. छेडला तर टण्ण! आवाज निघतो आणि लगेच विझतो. ती आजोबांच्या वेळची घुमणारी, लांबत जाणारी आस कुठेच नाही. मी घरी जाहीर करून टाकलं की वाद्य म्हातारं झालं, आता त्यात जीव राहिला नाही. माझा शब्द सगळ्यांनी प्रमाण मानला. या दिवाळीत नाना सहज म्हणाले, "हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला शोभेला पाहिजे म्हणे. देऊन टाकतो. इथं नुसती धूळ खातोय."

तर त्या दिवशी ओसरीवर मी पुतण्याला म्हटलं, "अरे, जरा आतला तंबोरा बघ." त्याने घोडीवर नखं फिरवली, डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "काका, ही घोडी गिटारसारखी केलीय कुणीतरी. वरचा माथा घासून पार सपाट केलाय, कडेला धारदार."

मंडळी, गिटार आणि तंबोरा यांच्यातला फरक नेमका इथे आहे. गिटारच्या घोडीवर तार एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि सुराच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक बाहेर पडतात. याला आपण जवारी म्हणतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा असतो, तो मागेपुढे सरकवून नेमकी जागा शोधायची. त्या धाग्याला नाव काय आहे माहीत आहे? जीव! मी म्हणत होतो जीव राहिला नाही, आणि खरोखरच तो धागा दुकानदाराने फेकून दिला होता.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल मिळालं १९३० मध्ये, प्रकाशावरच्या कामासाठी. पण त्याआधी १९२१ मध्ये त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीवर एक निबंध लिहिला होता. नियमाप्रमाणे तार ज्या जागी छेडाल त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर ऐकू यायला नको. तंबोऱ्यात तो येतो, आणि त्याचं कारण ही रुंद घोडी, असं त्यांनी दाखवलं. थोडक्यात, बेस गिटारमध्ये जो दोष समजून काढून टाकायचा, तोच तंबोऱ्यात गुण म्हणून घडवायचा. माझ्या दुकानदाराने एका वाद्याचं शहाणपण दुसऱ्याला लावलं. आणि मी वाद्यालाच दोष दिला.

मग आम्ही दोघं तंबोरा घेऊन मिरजेला गेलो.

मिरजेची कथा मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथले शिकलगार शस्त्रं घडवत, त्यांना धार लावत. इंग्रजी अंमल पक्का झाला आणि तलवारींची मागणी संपली. त्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी करायला सुरुवात केली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरकडून भीमाकाठचे, आणि दांडीला तुणाचं लाकूड. शिकलगार आडनाव मागे पडून 'सतारमेकर' हेच आडनाव झालं. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांचे तंबोरे इतके सुरेल लागत की लोक त्याच्याच गोष्टी सांगत. १९३७ मध्ये ते गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथे उरुसात गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि गंमत बघा. तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा माणूस. मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा. १९३८ मध्ये त्याने दुकान काढलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे! त्या काळी बँडमधला खालचा सूर माणसाहून उंच अशा डबल बेसवर वाजायचा. तो न्यायला जड, आणि बाकी वाद्यं वाढली की त्याचा आवाज बुडायचा. फेंडरने १९५१ मध्ये त्याची विजेवर चालणारी, पडदे लावलेली, गळ्यात अडकवता येणारी आवृत्ती काढली. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन'. आपल्याकडे ती हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात पोचली. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवायचे. जुनी गाणी एकदा फक्त खालच्या सुराकडे कान देऊन ऐका, नवीनच गाणं ऐकल्यासारखं वाटतं.

एक शस्त्रांना धार लावणारा, एक रेडिओ दुरुस्त करणारा. मूळ धंदा वाद्याचा दोघांचाही नव्हता. मला वाटतं, कानसीवर बसलेला हात महत्त्वाचा. किती घासायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे त्याला कळतं.

मिरजेच्या कारागिराने घोडी पाहिली आणि काहीच बोलला नाही. मला तेवढं पुरे झालं. सपाट झालेली घोडी काढून त्याने नवी बसवली. मग चार कानस मारायचे, तार चढवायची, छेडायची, कान द्यायचा, तार उतरवायची, पुन्हा दोन कानस. असं तासन्‌तास. सगळ्यात जास्त वेळ खर्जाच्या तारेला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "बाकीच्या तारा हिच्यावर उभ्या राहतात. ही खोटी लागली तर सगळं खोटं." पुतण्याने माझ्याकडे असं पाहिलं की, सांगा आता आजीला!

गावी परत येताना मला आमची ग्रामसभा आठवली. आमच्याकडे शेतीला बोअर घ्यायची बंदी आहे. दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा हिशोब मांडून पिकं ठरतात. खालचं पाणी कुणाला दिसत नाही, पण गाव त्यावर उभं आहे. बाहेरच्यांना वाटतं झाडांमुळे गाव हिरवं आहे. असो, फार ताणत नाही.

संध्याकाळी देवळात तंबोरा लावला. धागा सरकवता सरकवता एका जागी एकदम सूर उघडला. नाना टाळ घेऊन बसले होते. ते उठले, तंबोऱ्याजवळ आले, भोपळ्यावर तळहात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "त्या हॉटेलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांग. तूच सांग."

मी फोन केला. आणि मग, पंधरा वर्षं उशिरा का होईना, सगळ्यांसमोर सांगितलं की म्हातारं काही झालं नव्हतं, चूक माझी होती.

पुतण्याला आता स्वतःच्या हाताने बेस गिटार करायची आहे. परसातल्या झाडाकडे बघत होता, तर नाना ओरडले, "इथं कुऱ्हाडबंदी आहे!" शेवटी जुन्या घराची पडलेली सागवानी तुळई द्यायचं ठरलंय. लागेल तसं कळवीनच.

तोवर तुमच्या माळ्यावर एखादं वाद्य मुकं पडलं असेल तर मोडीत काढायच्या आधी त्याची घोडी एकदा बघा.