द नाइट बिफोर

नाताळच्या पार्श्वभूमीवरील अमेरिकन हास्यप्रधान चित्रपट (२०१५). दिग्दर्शक जोनाथन लेव्हीन. प्रमुख भूमिका जोसेफ गॉर्डन-लेव्हिट, सेथ रोगन व अँथनी मॅकी यांच्या.

२००१ च्या डिसेंबरात ईथनचे आईवडील अपघातात निवर्तल्यावर, सणाच्या दिवसांत त्यास एकाकीपणा भासू नये म्हणून आयझॅक व क्रिस हे त्याचे मित्र दरवर्षी नाताळची पूर्वरात्र न्यूयॉर्क शहरात त्याच्यासमवेत घालवितात. परंतु एक पिता होण्याच्या बेतात आणि दुसरा फुटबॉलपटू म्हणून ख्यातनाम, अशी स्थिती आल्याने हा शिरस्ता एका अखेरच्या रात्रीनंतर बंद करण्याचे ठरते.

धर्मविषयक विनोदाचे केंद्र आयझॅक हा आहे. ख्रिस्ती कुटुंबातील स्त्रीशी विवाह केलेला हा ज्यू गृहस्थ, षट्कोनी तारा विणलेला स्वेटर परिधान करून आणि मादक द्रव्यांच्या अमलाखाली, मध्यरात्रीच्या मिस्सेस उपस्थित राहतो, तेथेच वमन करतो आणि येशूच्या वधाचा आरोप आपल्या लोकांवरून मोठ्याने झटकून टाकतो. ज्या आरोपाने ज्यूंचा शतकानुशतके छळ झाला व जो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अधिकृतपणे अमान्य केला, त्याचेच हे प्रहसनात्मक रूप होय.

क्रिसची कीर्ती उत्तेजक द्रव्यांच्या गुप्त सेवनावर उभी आहे, तर ईथनचा परंपरेचा आग्रह शोकातून उद्भवलेला आहे. त्यामुळे अस्मितेचा प्रश्न केवळ धर्मापुरता सीमित राहत नाही. धर्म व वर्ण यांनी भिन्न असलेल्या या तिघांच्या हाती नाताळ हा श्रद्धेचा विधी न राहता मैत्रीचा करार बनतो. मात्र तो करार टिकविण्यासाठी आयझॅकला आपले ज्यूपण झाकावे लागत नाही, हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य होय.