केदारनाथचा मार्ग आणि चोराबाडी हिमनदी

चारधाम यात्रेस निघणारे भाविक आमच्या न्यासाकडे मुख्यत्वे दोन गोष्टींची चौकशी करतात : कपाट केव्हा उघडणार आणि चढ किती आहे. मार्ग कोणत्या भूमीवरून जातो, हे सहसा कोणी विचारीत नाही. माळव्यातील मराठी भाविकांचा या मार्गाशी संबंध जुना आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी केदारनाथ व बदरीनाथ येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या होत्या. म्हणून या मार्गाविषयी काही माहिती येथे देत आहोत.

केदारनाथ मंदिर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८३ मीटर उंचीवर आहे. मंदिराच्या मागे चोराबाडी हिमनदी असून तेथेच मंदाकिनीचा उगम आहे. हिमनदी म्हणजे साठून घट्ट झालेल्या बर्फाचा अतिशय मंद गतीने खाली सरकणारा प्रवाह. सरकताना तो डोंगर खरवडतो आणि निघालेले दगडगोटे, रेती आपल्या कडेला व मुखाशी रचून ठेवतो. या राशीस हिमोढ म्हणतात. हवामान उष्ण होऊन बर्फ पातळ झाला व मागे हटला, तरी हिमोढ जागच्या जागी उभा राहतो. त्यास आधार देणारा बर्फ तेवढा नाहीसा होतो. दुरून ती भक्कम टेकडी वाटते, परंतु आतून ती सुट्या दगडांची रासच असते.

मंदिराच्या वर सुमारे दोन किलोमीटरवर अशाच हिमोढाआड चोराबाडी ताल होता. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग येथे विसर्जित झाल्याने त्यास गांधी सरोवर असेही म्हणत. पाणी बाहेर पडण्यास या सरोवराला मोकळी वाट नव्हती. ते हिमोढातून झिरपत असे. जून २०१३ मध्ये, हिवाळ्यातील बर्फ वितळत असतानाच अतिवृष्टी झाली. देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या चोराबाडी येथील केंद्रावर १६ जूनच्या सायंकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच सायंकाळी पहिला लोंढा आला. १७ जूनच्या सकाळी हिमोढ फुटला आणि संपूर्ण सरोवर अवघ्या पाच ते दहा मिनिटांत रिकामे झाले. मंदिर उभे राहिले. भोवतालची वस्ती गेली. मार्गावरील रामबाडा हा मुक्कामाचा टप्पा तर नकाशावरून पुसला गेला. त्या वर्षीच्या जलप्रलयात उत्तराखंडात मृत व बेपत्ता मिळून पाच हजारांहून अधिक माणसे गेली.

गौरीकुंडापासूनचा जुना १४ किलोमीटरचा पायी मार्ग रामबाड्याच्या पुढे वापरण्याजोगा उरला नाही. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या साहाय्याने मंदाकिनीच्या दुसऱ्या तीरावरून, लिंचोलीमार्गे, नवा मार्ग काढण्यात आला. तो सुमारे १६ किलोमीटरचा असून अधिक चढाचा आहे. ज्येष्ठ भाविक पूर्वीच्या यात्रेच्या आठवणीवरून वेळेचा अंदाज बांधतात, तो येथे चुकतो. शिवाय ३१ जुलै २०२४ च्या रात्रीच्या पावसाने हा नवा मार्गही ठिकठिकाणी तुटला आणि हजारो यात्रेकरूंना हेलिकॉप्टरने व पायी बाहेर काढावे लागले.

पाऊस नसला म्हणजे धोका नाही, असेही समजू नये. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी, ऐन हिवाळ्यात, चमोली जिल्ह्यातील रौंठी शिखराच्या उतारावरून खडक व बर्फाचा प्रचंड कडा सुटला. घर्षणाने बर्फ वितळला व चिखलदगडांचा लोंढा ऋषिगंगेतून धौलीगंगेत आला. हिमनदी फुटली, असे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले. प्रत्यक्षात कडाच ढासळला होता. रैणी गावाजवळचा जोशीमठ–मलारी रस्त्यावरील पूल वाहून गेला आणि सीमेकडील तेरा गावांचा संपर्क तुटला. सीमा रस्ते संघटनेने मार्चच्या आरंभी तेथे बेली पूल उभारला, तेव्हा वाहतूक सुरू झाली. दोनशेहून अधिक जण या दुर्घटनेत मृत वा बेपत्ता झाले. त्यांत बहुतेक जलविद्युत प्रकल्पांवरील कामगार होते.

अर्थात प्रत्येक दरड हिमनदीमुळे कोसळते असे नाही. रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचा पायथा कापल्यानेही उतार सैल होतात, आणि हिमालयाचा खडक मुळातच भेगाळलेला आहे. परंतु मागे हटणारा बर्फ वरच्या खोऱ्यांत सुट्या दगडांचा साठा मोकळा सोडत आहे. पाणी त्यास खाली आणते; आणि रस्ता, पूल, धर्मशाळा हे सर्व अरुंद दरीत नदीकाठीच असल्याने आघात त्यांच्यावरच होतो.

या कारणास्तव खाली आकाश निरभ्र असतानाही प्रशासन कधी कधी सोनप्रयाग वा गौरीकुंड येथे यात्रा थांबविते. अशा वेळी काही भाविक परतीच्या आरक्षणाची सबब सांगून पुढे सोडण्याचा आग्रह धरतात, हे आम्हांस योग्य वाटत नाही. यात्रेचा कार्यक्रम आखताना किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत, परतीचे आरक्षण त्या हिशेबाने करावे, आणि उत्तराखंड शासनाकडील यात्रा-नोंदणी निघण्यापूर्वीच पूर्ण करावी. जुलै व ऑगस्ट हे दोन महिने, विशेषतः वृद्धांसोबत जाणाऱ्यांनी, शक्यतो टाळावेत.