रॉशडेलची नेली

गोठ्यावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचा धागा असतो, त्याचीच ही हकिकत. इंग्लंडातल्या रॉशडेल गावी नेली केरशॉ कारखान्यात तो धागा कातीत असे. १९२४ साली, अवघ्या ३३ व्या वर्षी ती वारली. डॉक्टर कुक यांनी तिची फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तो आत खनिजाचे कण! कंपनीने भरपाई नाकारली. मूठमातीलाही पैसा दिला नाही. ठाऊक नव्हते म्हणावे, तर कारखाना-निरीक्षक ल्यूसी डीन यांनी १८९८ सालीच ही धूळ काचेसारखी धारदार असल्याचे लिहून ठेवले होते. धूळ ओढून घेण्याची यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली ती १९३१ साली. गुरुजी, शाळेचा असा पत्रा बदलताना तो कापू-फोडू देऊ नका, आधी भिजवा. नाकाला उपरणे बांधून भागत नाही. ही धूळ त्यातून आत जातेच.