मीरा-भाईंदरच्या घरांतला डीएमझेड

घरच्या वायरलेस राउटरमध्ये ‘डीएमझेड होस्ट’ नावाचा एक रकाना असतो. बाहेरून आपणहून आलेली आणि राउटरला कोणाकडे पाठवावी हे न कळणारी प्रत्येक मागणी या रकान्यात लिहिलेल्या यंत्राकडे जाते. मीरा-भाईंदरमध्ये हा रकाना भरून काही उपयोग होणार की नाही, हे राउटरपेक्षा जोडणी कोणाची यावरच ठरत आले.

15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. डायल-अपच्या त्या काळात संगणक थेट मोडेमला जोडलेला असे. राउटरचा प्रश्नच नव्हता. पुढे केबलवाल्यांनी टीव्हीच्या तारेबरोबर लॅनची वायरही गच्च्यांवरून फिरवली. तांब्याची ही वायर 100 मीटरपुढे चालत नाही, म्हणून मध्ये स्विच बसवावे लागत. वर्गणीदाराला मिळे तो बहुधा 10 ने सुरू होणारा खासगी आयपी पत्ता. सार्वजनिक पत्ता केबलवाल्याकडेच राही, त्यामुळे बाहेरची मागणी त्याच्या राउटरपाशीच अडे आणि घरातला डीएमझेड नावापुरता उरे.

एमटीएनएलने जानेवारी 2005 मध्ये ‘ट्रायबँड’ ही ब्रॉडबँड सेवा आणली. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरची परवान्याची अटही त्याच महिन्यात गेली. 256 केबीपीएसचा वेग आज हसण्यावारी जाईल. पण या जोडणीत घराला सार्वजनिक पत्ता मिळे, जरी तो बदलत असला तरी. डीएमझेडचे खरे दिवस हेच.

त्याचा सर्वांत रास्त वापर दोन राउटर असलेल्या घरांत झाला. टेलिफोनच्या तारेचा मोडेम स्वतःच राउटरचे काम करी आणि त्यापुढे वायरलेस राउटर लागे. मग वायरलेस राउटरला मोडेमकडून एक कायमचा अंतर्गत पत्ता ठरवून द्यायचा, ब्राउझरमध्ये 192.168.1.1 हे मोडेमचे पान उघडून तो अंतर्गत पत्ता मोडेमच्या डीएमझेडमध्ये भरायचा, आणि पुढची राखण वायरलेस राउटरच्या फायरवॉलवर सोपवायची. गेमिंगचा संगणक किंवा दुकानातल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर थेट तिथे ठेवणे मात्र आळशीपणाच होता. मोठ्या कार्यालयांत डीएमझेड म्हणजे फायरवॉलने वेगळे काढलेले जाळे; घरच्या राउटरमध्ये ते यंत्र इतर यंत्रांच्याच जाळ्यात राहते, म्हणजे तिथे शिरलेल्याला सगळे घर मोकळे. फॅक्टरी पासवर्ड न बदललेले असेच डीव्हीआर आणि कॅमेरे 2016 मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने जगभर ताब्यात घेतले. एखाददुसरा पोर्ट फॉरवर्ड केला असता, तर निदान बाकीची दारे बंद राहिली असती.

फेब्रुवारी 2011 मध्ये आयपीव्ही4 पत्त्यांचा जागतिक साठा संपला. 2012 मध्ये 100.64.0.0 पासूनचे सुमारे 42 लाख पत्ते सेवादारांच्या सामायिक वापरासाठी राखले गेले. फायबर घरोघरी आला तोवर अनेक जोडण्या पुन्हा खासगी पत्त्यांवर गेल्या होत्या. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) रकान्यात 100.64 ते 100.127 किंवा 10 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएमझेड भरणे व्यर्थ. मग सेवादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा लागतो. आयपीव्ही6 मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तिथे हा रकाना लागत नाही, फायरवॉलमध्ये नेमका नियम लिहावा लागतो.