लक्षण कुणावरून ठरलं?

आपल्याकडे 'लक्षण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. वैद्य रोगाचं लक्षण बघतो, नैयायिक पदार्थाचं लक्षण, म्हणजे व्याख्या करतो. व्याख्येच्या एका दोषाला न्यायशास्त्रात 'अव्याप्ती' म्हणतात. 'गाय म्हणजे कपिल रंगाची' असं म्हटलं की पांढरी गाय गायच उरत नाही. एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकणं आणि अतिचंचलता, या विकाराचा इतिहास बायकांच्या बाजूने पाहिला, तर तो असाच अव्याप्तीचा इतिहास आहे.

1902 मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवरता येत नाही, अशा मुलांचं वर्णन त्याने केलं. त्यांत मुलगे जास्त होते. या अवस्थेला त्याने नैतिक नियंत्रणातली उणीव म्हटलं. 'नैतिक' हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

1968 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानग्रंथात हा विकार 'बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया' म्हणून आला. नावातच चंचलता! वर्गात धुडगूस घालणारा मुलगा शिक्षकांच्या डोळ्यांत भरायचा, त्यालाच डॉक्टरांकडे पाठवलं जायचं. त्याच्यावरून निकष ठरायचे आणि त्या निकषांनी पुन्हा तसेच मुलगे सापडायचे. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात.

1972 मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी मांडलं की खरी अडचण अवधानाची आणि आवेग आवरण्याची आहे, नुसत्या हालचालीची नाही. 1980 च्या डीएसएममध्ये अवधान हा शब्द नावात आला, आणि अतिचंचलता नसली तरी निदान शक्य झालं. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी निदान कागदावर तरी दिसू लागली. पण एक अट राहिली: लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत. जी मुलगी धाक, पाठांतर आणि आईची शिस्त यांच्या जोरावर निभावून नेते, तिचं काय? ही मर्यादा 2013 मध्ये बारा वर्षं झाली.

आता स्वतःची एक गोष्ट सांगते. माझी एक विद्यार्थिनी होती. वर्गात प्रश्न अचूक विचारायची, निबंध मात्र अर्धवट द्यायची. तिच्या वहीवर मी 'निष्काळजी' असा शेरा मारला होता. पंचेचाळिशीनंतर ती भेटली. मुलाला तपासायला नेलं आणि त्याच्याबरोबर आपलंही निदान झालं, म्हणाली. "मॅडम, तो शेरा मला खराच वाटत आला होता." मला उत्तर सुचलं नाही.

कुणी म्हणेल, विसराळूपणा कुणात नसतो? शंका रास्त आहे. प्रत्येक विसराळू बाईला हे नाव दिलं तर ती अतिव्याप्ती होईल. म्हणून तर लक्षणं लहानपणापासून होती का, घरी आणि कामावर दोन्हीकडे आहेत का, त्यांनी जगणं खरोखर अडतं का, हे पाहावं लागतं.

स्टिलचा 'नैतिक' शब्द डॉक्टरांनी सोडून दिला. आपण मात्र तो वेंधळी, आळशी, निष्काळजी अशा नावांनी घरात आणि शाळेत जपून ठेवला. उशिरा झालेलं निदान गेलेली वर्षं परत देत नाही. पण ज्याला आपण दोष म्हणत होतो तो गुन्हा नव्हता, एवढं त्या बाईला कळतं. आणि शेरे मारणाऱ्या आमच्यासारख्यांनाही कळायला हवं.