तेजोमेघांची पहिली छायाचित्रे आणि हौशी ज्योतिर्विदांची साक्ष

इ. स. १८८० ते १९०० ह्या वीस वर्षांत तेजोमेघांच्या अभ्यासाचे साधनच पालटले. त्यापूर्वी दुर्बिणीस डोळा लावून जे दिसेल ते हाताने कागदावर उतरविणे एवढाच मार्ग होता. त्यानंतर काचेवरील रासायनिक लेप हा मुख्य साक्षीदार झाला. हा पालट घडवून आणणाऱ्यांत सरकारी वा राजाश्रित वेधशाळांचे अधिकारी अग्रभागी नव्हते, ही गोष्ट ज्योतिषाच्या इतिहासग्रंथांत नोंदलेली असते खरी, परंतु तिच्यावर थांबून विचार केलेला क्वचितच आढळतो. न्यूयॉर्कचा एक वैद्यकीचा पदवीधर व अध्यापक, लंडनलगतच्या ईलिंग येथील एक आरोग्य-अभियंता आणि लिव्हरपूलचा एक इमारतींचा ठेकेदार, अशा तिघांनी स्वतःच्या घराच्या आवारात उभारलेल्या दुर्बिणींतून हे काम केले. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. ज्योतिषात त्यास अधिकार नाही. परंतु साक्ष, तिची नक्कल आणि तिचे वाचन हे प्रश्न दोन्ही शास्त्रांस समान आहेत, आणि त्याच अंगाने ह्या इतिहासाकडे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम हस्तचित्रांची स्थिती पाहू. मृगनक्षत्रातील तेजोमेघाची चित्रे सतराव्या शतकापासून काढली जात होती. हायगेन्स, जॉन हर्शेल, बाँड, लॉर्ड रॉस इत्यादींनी काढलेल्या आकृती शेजारी शेजारी मांडल्या, तर एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींची आठवण व्हावी इतके त्यांत पाठभेद. हा भेद मूळ वस्तूत झालेल्या बदलामुळे आहे की लेखकाच्या हातामुळे, हे ठरविण्याचे साधन नव्हते. अमेरिकन ज्योतिर्विद होल्डन ह्याने १८८२ साली ह्या तेजोमेघाच्या मध्यभागाच्या उपलब्ध चित्रांची छाननी करणारा एक स्वतंत्र प्रबंधच प्रसिद्ध केला. जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्या कोणासही तो आपल्याच शास्त्रातला वाटेल. मात्र पोथ्यांच्या बाबतीत प्रतींची वंशावळ लावता येते. येथे प्रत्येक लेखक मूळाकडे पाहूनच लिहीत होता, आणि तरीही पाठ जुळत नव्हते.

वाद केवळ बारीकसारीक रेषांपुरते नव्हते. लॉर्ड रॉसने आयर्लंडमधील बर येथे आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून १८४५ साली श्यामशबल समूहातील एका तेजोमेघाची सर्पिल आकृती पाहिली व रेखाटली. पुढे टेम्पेल ह्या निष्णात निरीक्षकाने असल्या सर्पिल आकृती म्हणजे पाहणाराच्या कल्पनेचा खेळ होय, असे मत दिले. गंमत अशी की, ह्याच टेम्पेलने १८५९ साली कृत्तिकांतील एका तारकेभोवती पाहिलेला अंधुक तेजोमेघ इतर कित्येकांस दिसत नव्हता, आणि त्याच्या अस्तित्वाविषयीच वाद माजला होता. ज्याने दुसऱ्याच्या डोळ्यावर अविश्वास दाखविला, त्याच्या डोळ्यावरही तोच प्रसंग आला. दोघांपैकी कोणाचे खरे, हे सांगणारा तिसरा साक्षीदार हवा होता.

छायालेखनाची कला १८३९ मध्ये जाहीर झाली आणि चंद्राचे चित्र न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर ह्याने लगेच १८४० च्या सुमारास घेतले. मग तेजोमेघाच्या चित्रास आणखी चाळीस वर्षे का लागली? कारण अगदी साधे आहे. मधल्या काळात प्रचलित असलेली कलोडियनची प्लेट ओली असतानाच वापरावी लागे. काही मिनिटांत ती वाळली की निरुपयोगी होई. चंद्रास तेवढा वेळ पुरे. तेजोमेघास तो मुळीच पुरत नाही. मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती प्रसिद्ध केली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा प्लेटा बाजारात तयार मिळू लागल्या. डोळा आणि प्लेट ह्यांतील खरा भेद येथे कामास आला. डोळ्यास क्षणभरात जेवढा प्रकाश मिळेल तेवढाच दिसतो. तासभर टक लावली म्हणून अधिक दिसत नाही. प्लेटीवर प्रकाश साठत जातो.

जॉन ड्रेपरचा पुत्र हेन्री (१८३७–१८८२) ह्याने तरुणपणी रॉसची प्रचंड दुर्बीण पाहिली होती, आणि परत आल्यावर हडसन नदीकाठी हेस्टिंग्ज येथील वडिलांच्या मळ्यात वेधशाळा बांधली. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्याने ११ इंची भिंगाच्या दुर्बिणीने मृगातील तेजोमेघाचे चित्र घेतले. तेजोमेघाचे ते जगातील पहिले छायाचित्र. प्लेट सुमारे पन्नास मिनिटे उघडी ठेवली होती. मार्च १८८२ मध्ये त्याने हा काळ १३७ मिनिटांपर्यंत नेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वयाच्या ४५ व्या वर्षी तो वारला.

१३७ मिनिटे हा आकडा लिहावयास सोपा आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश एका सेकंदात १५ विकला सरकते. दुर्बिणीस त्याच गतीने फिरविणारे घड्याळयंत्र जोडलेले असे. परंतु त्या काळच्या यंत्राची चाल इतकी निर्दोष नसे की त्याच्यावर सर्वस्वी विसंबावे. म्हणून निरीक्षकाने साहाय्यक दुर्बिणीतील आडव्या-उभ्या तंतूंच्या छेदावर एक तारा धरून ठेवावयाचा, आणि तो रेसभर हलला की हाताने चूक दुरुस्त करावयाची. थंडीत, अंधारात, ताटकळत उभे राहून, तासन् तास. एका दुर्लक्षाने सर्व तारका रेघोट्या होऊन जात.

ईलिंगचा अँड्र्यू एन्स्ली कॉमन (१८४१–१९०३) हा अभियंता असल्याने त्याने ह्या अडचणीवर यंत्ररचनेच्या बाजूने हल्ला केला. कॅल्व्हर ह्या कारागिराकडून त्याने ३६ इंच व्यासाचा, चांदीचा मुलामा दिलेला काचेचा आरसा करविला, आणि दुर्बिणीचा अवजड अक्ष पाऱ्यावर तरंगत ठेवून घर्षण कमी केले. जानेवारी १८८३ मध्ये त्याने घेतलेल्या मृगातील तेजोमेघाच्या चित्रात, त्याच दुर्बिणीतून डोळ्यास न दिसणाऱ्या तारका उमटल्या. ड्रेपरच्या चित्राने प्लेट डोळ्याची बरोबरी करू शकेल असे सुचविले होते. कॉमनच्या चित्राने ती डोळ्याच्या पुढे गेली. माझ्या मते ह्या सर्व इतिहासातील निर्णायक क्षण हाच. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ साली कॉमनला सुवर्णपदक दिले.

कृत्तिकांचा वादही ह्याच सुमारास मिटला. पॅरिस वेधशाळेतील हेन्री बंधूंनी १८८५ च्या अखेरीस घेतलेल्या चित्रात तेजोमेघाचा अंश उमटला, आणि १८८६ मध्ये आयझॅक रॉबर्ट्सने घेतलेल्या चित्रांत कृत्तिकापुंजाचा बराच भाग धूसर तेजाने वेढलेला दिसला. टेम्पेलचा डोळा खरा ठरला. सर्पिल आकृतीही पुढे छायाचित्रांत उमटल्या. म्हणजे रॉसचा डोळाही खराच होता.

हा रॉबर्ट्स (१८२९–१९०४) जन्माने वेल्समधला. उमेदवारी करून बांधकामाच्या धंद्यात शिरला, त्यात पैसा मिळविला, आणि पन्नाशी उलटल्यावर ह्या नादास लागला. लिव्हरपूलजवळ मॅगल येथील घरी त्याने १८८५ मध्ये डब्लिनच्या ग्रबकडून २० इंची परावर्तक दुर्बीण बसवून घेतली. १८८८ साली त्याने देवयानीतील मोठ्या तेजोमेघाचे जे चित्र घेतले, त्यात शतकानुशतके निराकार दिसणाऱ्या त्या धुक्यात स्पष्ट वलये व त्यांमधील काळे पट्टे प्रथमच प्रकट झाले. आज शंभराहून अधिक वर्षांनीही ते चित्र पाहताना आश्चर्य वाटते.

आता साक्षीच्या वाचनाचा प्रश्न येतो. चित्र निर्दोष होते. मग त्याचा अर्थ? रॉबर्ट्सला, आणि त्या काळच्या बहुतेक जाणकारांना, त्यात लाप्लासची उपपत्ती मूर्तिमंत दिसली. फिरणाऱ्या वायुमेघातून सूर्य व ग्रह घनीभूत होत आहेत, शेजारचे दोन लहान गोळे म्हणजे जणू होऊ घातलेले ग्रह! १९२३ मध्ये हबलने माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीच्या प्लेटीवर ह्याच वस्तूत एक रूपविकारी तारा ओळखला, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडची, अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र सृष्टी असल्याचे सिद्ध झाले. आजच्या मोजणीप्रमाणे तिचे अंतर सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे आहे. म्हणजे नक्कल करणाराचा दोष छायाचित्राने काढला. वाचणाराचा पूर्वग्रह त्यास काढता आला नाही.

नावांतही हे वाचन गोठून राहते. लॅटिन ‘नेब्युला’ म्हणजे धुके; संस्कृत ‘नभस्’ हा त्याचाच सगोत्र. ‘नीहारिका’ ह्या शब्दात नीहार म्हणजे धुकेच आहे, म्हणून तो दिसण्यापुरते बोलतो. ‘तेजोमेघ’ हा शब्द मात्र वस्तू मेघरूप आहे असे प्रतिपादन करतो. म्हणून देवयानीच्या बाबतीत तो सोडून ‘दीर्घिका’ म्हणावे लागले. मृगाच्या बाबतीत तो यथार्थ आहे.

मौनाच्या अर्थाविषयीही असाच एक वाद झाला. विल्यम हर्शेलने आकाशातील ५२ प्रदेशांत विस्तीर्ण, अंधुक तेज पाहिल्याचे नोंदविले होते. रॉबर्ट्सने ते सर्व प्रदेश टिपले आणि त्यांपैकी फक्त चारांत तेजोमेघ असल्याचे १९०२ च्या सुमारास जाहीर केले. अमेरिकेतील बार्नर्ड ह्याने हरकत घेतली. रुंद क्षेत्र टिपणाऱ्या त्याच्या भिंगांनी वेगळी साक्ष दिली होती. त्या काळच्या प्लेटा तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळ्या होत्या, आणि हायड्रोजनच्या मेघांचे बरेचसे तेज तांबडेच असते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. एखाद्या प्रतीत ओवी नाही एवढ्यावरून ती प्रक्षिप्त ठरविणाऱ्या संपादकांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

ह्या मंडळींस ‘हौशी’ म्हणावे काय? इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’च्या मुळाशी लॅटिन प्रेमवाचक धातू आहे; आपला ‘हौस’ अरबी ‘हवस’पासून आलेला, म्हणजे त्यात वेडाची छटा आहे. दोन्ही अर्थ येथे लागू पडतात. परंतु हौशी म्हणजे एकाकी वा निर्धन असे मात्र समजू नये. ह्या तिघांपाशी द्रव्य होते. ड्रेपरची पत्नी मेरी अ‍ॅना ही त्याच्या प्रयोगांत बरोबरीने राबे; तिने पुढे १८८६ पासून दिलेल्या देणगीतून हार्वर्ड येथे २,२५,३०० ताऱ्यांची वर्णपट-सूची तयार झाली (१९१८–१९२४). रॉबर्ट्सच्या उत्तरकालीन कामात फ्रँक्स हा साहाय्यक होता, आणि त्या ५२ प्रदेशांच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला तो पत्नी डोरोथिया क्लंप्की हिच्या परिश्रमाने, १९२९ साली. ती स्वतः पॅरिस वेधशाळेत काम केलेली विदुषी होती. चित्रांखाली नाव एकाचेच असते.

ह्याच काळात पुण्यासही ग्रबचीच २० इंची परावर्तक दुर्बीण आली होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली आणि कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे चालक झाले. त्यांनी मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध घेतले, आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी जेऊर येथे छावणी टाकून छायाचित्रे मिळविली. परंतु नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ साली वेधशाळाच बंद पडून दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. कॉमनच्या ३६ इंची दुर्बिणीचा प्रवास ताडून पाहावा: १८८५ मध्ये ती क्रॉस्लीने विकत घेतली, १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेस दिली, आणि तेथे कीलरने १८९८ पासून तिच्याच साहाय्याने अशा लक्षावधी तेजोमेघांपैकी बहुसंख्य सर्पिल असावेत हे दाखविले. एका ठिकाणी यंत्रास वारस मिळाला. दुसऱ्या ठिकाणी यंत्र राहिले, परंपरा तुटली. पुण्यात आकाशनिरीक्षणाचा सामुदायिक उद्योग नव्याने सुरू झाला तो १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या स्थापनेने, आणि त्याचा त्या सरकारी वेधशाळेशी काही संबंध नव्हता.

आज प्लेटा गेल्या. त्यांच्या जागी प्रकाशाचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करणारे संवेदक आले, आणि तारा तंतूवर धरून ठेवण्याचे काम यंत्रच करते. अनेक लहान चित्रे घेऊन संगणकात त्यांची बेरीज करतात. साठवणुकीचे तत्त्व मात्र ड्रेपरचेच. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर व सेंटी ह्या हौशी छायालेखकांनी सुमारे दहा सेंटिमीटरच्या भिंगाने शंभराहून अधिक तासांचा प्रकाश साठवून, देवयानी दीर्घिकेच्या शेजारी प्राणवायूच्या हिरवट-निळ्या प्रकाशाचे एक प्रचंड कमान-रूप तेज शोधले, आणि त्याचा वृत्तान्त २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. रॉबर्ट्सपासून मोठमोठ्या वेधशाळांनी टिपलेल्या त्या प्रदेशात ते कोणाच्याच नजरेस आले नव्हते. ते तेज देवयानीच्या निकट आहे की आपल्याच आकाशगंगेतील एखादा जवळचा मेघ आहे, ह्यावर लगेच मतभेद सुरू झाले; नंतरच्या अभ्यासांचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.